विजेचे गिरमिट कोणी जाळले

महायुद्ध संपले, पलटणी मोडू लागल्या आणि आमच्या खटाव भागातली माणसे एकेक करून घरी परतली. बहुतेकांच्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक आणि ट्रंकेवर घडी केलेले फौजी कांबळे असे. माझ्या थोरल्या भावाने याखेरीज एक लाकडी पेटी आणली. तो फौजेत मोटारगाड्या दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात हवालदार होता. लष्कराने जुने सामान लिलावात काढले तेव्हा त्याने ती पुण्यात घेतली होती. पेटीत भुसा होता आणि भुशात विजेवर चालणारे, हातात धरून भोके पाडायचे यंत्र होते. पिस्तुलासारखी मूठ, मुठीला चाप, अंग सगळे धातूचे, बाजूला हवा खेळण्यासाठी खाचा आणि तोंडाशी पाते घट्ट धरणारा चक.

आमच्या गावात वीज नव्हती. वडूजच्या त्या बाजूला ती यायला पुढे बरीच वर्षे गेली. त्यामुळे यंत्र आले त्या दिवशी ते पारावर नुसते हातोहात फिरले.

"हवालदार, गोळी कुठनं भरायची हेच्यात?" एकाने विचारले.

"गोळी न्हाई. लाकडाला भोक पाडतंय."

"मग सुतारानं काय करायचं?"

"बसंल तंबाखू मळत."

"आन् पाटलाची पोरं रंधा मारनार व्हय? लय चांगलं. सुताराला पाटीलकी द्या, म्हंजी झालं."

आमचे घर पाटलाचे. भाऊही हसला. फौजेत त्याने सगळ्या जातींच्या माणसांबरोबर सगळी कामे केली होती आणि गावात परत आल्यावर या बोलण्याचे त्याला काही वाटत नसे, किंवा तसे तो दाखवत नसे. तो यंत्राला ड्रिल मशीन म्हणे. आईने पहिल्याच दिवशी त्याला विजेचे गिरमिट म्हटले आणि तेच नाव घरात राहिले.

वडील नव्हते. आई गावी शेत बघत होती. घरातला शब्द चुलत्यांचा. ते आधीच्या लढाईतले सुभेदार, निवृत्त होऊन साताऱ्यात राहत. मी त्यांच्याकडे राहून मॅट्रिक झालो होतो. पुढे काय करायचे हे त्यांनी ठरवले होते. साताऱ्यात त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा छापखाना होता, तिथे प्रुफे तपासण्याची जागा माझ्यासाठी सांगून ठेवलेली होती. मला ती नको होती. मला लाकडाचे काम करायचे होते. यामागे काही मोठे कारण नव्हते. लाकूड कापताना, तासताना मला बरे वाटत असे, आणि छापखान्याच्या दारातून आत पाहिले की तसे वाटत नसे.

भावजयीचे माहेर सांगलीचे. सांगलीत वीज होती. भावाने तिथे ओसरी असलेले एक लहान घर भाड्याने घेतले आणि गिरमिटाची पेटी तिकडे हलवली. तिथल्या एका लाकडाच्या वखारीच्या मालकाशी त्याची ओळख झाली. मालक जैन, उसाची शेती आणि वखार दोन्ही सांभाळणारे. त्यांना सगळे अण्णा म्हणत. वखारीशेजारी दारे-खिडक्या तयार करणारा कारखाना काढायचा त्यांचा विचार होता. त्यासाठी त्यांना यंत्रे कळणारा माणूस हवा होता. त्यांनी भावाला सांगितले की माझ्या नव्या गुदामाच्या खिडक्या आधी घरी करून दाखवा, काम पटले तर कारखाना तुमच्या हाती देतो.

भाऊ मला न्यायला साताऱ्याला आला. चुलत्यांसमोर त्याने हे सगळे सांगितले.

"दोघांची जागा हाय," तो म्हणाला. "हा असंल तर मी. ह्यो न्हाई तर मी बी न्हाई, असं सांगून आलोय अण्णांना."

चुलत्यांनी ऐकून घेतले. "दसऱ्यापर्यंत बघा," ते म्हणाले. "दसऱ्याच्या आत कारखान्याचं पक्कं झालं तर जाऊ दे. न्हाई झालं तर छापखाना. मालकाला मी किती दिवस थांबवू?"

असे माझे ठरले. दसरा झाला की सुतारकाम, नाहीतर प्रुफे.

सांगलीच्या घरात विजेचा एकच दिवा होता, ओसरीच्या मधोमध टांगलेला. भावाने बल्ब काढून त्या जागी गिरमिटाची वायर जोडली. चाप ओढला की आधी यंत्राच्या पोटात घरघर होई आणि मग पाते इतक्या वेगाने फिरे की ते थांबल्यासारखे दिसे. भावजय स्वयंपाकघराच्या दारातून बघत असे. तिने पहिल्या दिवशी विचारले, "ह्याला चारा काय घालायचा?"

"करंट," भाऊ म्हणाला.

"आन् सांजच्याला दिवा?"

"सांजच्याला चिमणी लाव."

"म्हंजी विजेच्या घरात येऊन बी चिमणीच," ती म्हणाली.

पहिले भोक मी बाभळीच्या एका तुकड्यात पाडले. पाते लाकडात शिरले, अडकले, आणि पाते फिरेना म्हणून यंत्रच हातात फिरले. मनगटाला हिसका बसला. यंत्र खाली पडू दिले नाही, एवढेच त्या दिवशीचे यश. भावाने तोवर फौजेत लोखंडाला भोके पाडली होती. लाकूड वेगळे वागते हे त्याला माझ्याइतकेच नवीन होते. लोखंडावर जोर लावावा लागतो. तोच जोर तो सागवानावर लावी. सागवान जळल्याचा वास येई आणि भोकाचे तोंड काळे पडे. त्याच्या हातून दोन पाती मोडली.

"दादा, दाबू नको," मी म्हणालो. "त्याचं त्याला खाऊ दे."

"मला शिकवतो व्हय रं?"

"वास येतोय बघ."

त्याने वास घेतला. मग यंत्र माझ्या हातात दिले. "घे. तुझा हात हलका हाय. भोकं तू पाड, बाकीचं मी बघतो."

त्यानंतरचे दिवस बरे गेले. काय करायचे आणि काय नाही हे एकेक करून कळत गेले. यंत्राचा आवाज एका सुरात चालला असेल तर काम नीट चालले आहे. आवाज खाली आला की पाते वर काढून भोकातला भुसा झटकायचा. भोक पलीकडे निघायच्या बेताला आले की हात आणखी सैल करायचा, नाहीतर मागच्या बाजूने चिरफळ्या उडतात. तिथे एक टाकाऊ फळी घट्ट दाबून धरली तर त्या उडत नाहीत. पाते सरळ आहे की कलते आहे हे यंत्र धरणाऱ्याला स्वतःला दिसत नाही, म्हणून शेजारी काटकोन दाखवणारा गुण्या उभा करून ठेवायचा.

खिडकीचे काम असे होते की चौकटीच्या वरच्या आणि खालच्या लाकडात गजांसाठी भोके लागत. वरचे भोक आणि खालचे भोक एका ओळंब्यात आले नाही तर लोखंडी गज आत जातच नाही. साध्या गिरमिटाने सुतार हे काम करतात तेव्हा हात फिरवून फिरवून एका चौकटीला दिवस जातो. आमची पहिली चौकट दुपारपर्यंत झाली. गज वरून सोडला, तो खालच्या भोकात आपोआप जाऊन बसला. भावाने तो पुन्हा वर ओढला आणि पुन्हा सोडला. असे त्याने बऱ्याचदा केले. मग भावजयीला हाक मारून तिलाही करायला लावले.

"मोठ्ठं काम केलंत," ती म्हणाली. "गज खाली पडतोय. वर पडला आसता तर बोलावायचं."

अण्णा अधूनमधून येत. गज हलवून बघत, बोटाने भोकाची कड चाचपत. ते फार बोलत नसत. एकदा म्हणाले, "कड साफ हाय. कुनी पाडलं?"

"मीच," भाऊ म्हणाला. मी तिथेच होतो. मी भुसा झाडत राहिलो. कारखान्याचे बोलणे त्याचे चालले होते आणि त्याच्या नावावर ते पक्के झाले तरी माझे काम होणारच होते.

आमच्या घरी एक रीत पाळली जात असे. हत्यारांपाशी पायात काही घालून कोणी जायचे नाही. गावी नांगर, कुऱ्हाड, विळा यांना चुकून पाय लागला तरी हात लावून नमस्कार करायचा, तिथे वहाण घालून जवळ जायची गोष्टच नव्हती. सांगलीत ओसरीवर करवत, रंधा, पटाशी आणि गिरमिट यांची जागा होती; तिथे भाऊही फौजी बूट काढून येई. ओसरीची जमीन शेणाने सारवलेली होती. वीज आणि ओली जमीन यांचा संबंध फौजेच्या कारखान्यात त्याने पाहिला असणार. मला तो कोणी सांगितला नव्हता.

खंडेनवमीला चुलते साताऱ्याहून सांगलीला आले. घरातली जुनी तलवार त्यांच्याकडे असे. दरवर्षी ती गावी नेऊन पुजली जाई. त्या वर्षी पूजा सांगलीत करायचे त्यांनी ठरवले. भाऊ आता फौजेतून सुखरूप आला होता, त्याच्या नव्या धंद्याची हत्यारे तिथे होती, म्हणून पूजा तिथेच शोभेल, असे त्यांचे म्हणणे. तलवार धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून त्यांनी बसमधून आणली.

पूजेच्या वेळी मी घरी नव्हतो. नवमीला हत्यार चालवायचे नसते, पण मापे घ्यायला हरकत नाही, म्हणून भावाने मला अण्णांच्या गुदामावर उरलेल्या खिडक्यांची मापे घ्यायला पाठवले होते. परत आलो तेव्हा पूजा उरकली होती. पाटावर तलवार, तिच्याशेजारी करवत, रंधा, पटाशी आणि मधोमध विजेचे गिरमिट मांडलेले होते. सगळ्यांना हळद-कुंकू लावलेले, वर झेंडूची माळ. गिरमिटाच्या बाजूच्या खाचांत कुंकवाचे ओघळ होते. मी नमस्कार केला. चुलते प्रसाद देताना म्हणाले, "तुझ्या मशीनची लय थाटात पूजा झाली रं."

दसऱ्याला सोने लुटून झाल्यावर अण्णा भावाला भेटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणाले. एक पुरी चौकट होताना त्यांना डोळ्यांनी बघायची होती, आणि बघून झाले की कारखान्याचे बोलायचे होते. चुलतेही त्यासाठी एक दिवस थांबले.

त्या सकाळी मी आंघोळ करून आलो तेव्हा ओसरी ताजी सारवलेली होती. पाय ठेवला की थंड लागत होते. अण्णा घोंगडीवर बसले होते, शेजारी चुलते. भाऊ उभा होता. त्याच्या पायात फौजी बूट होते. मी बुटांकडे पाहिले. तो म्हणाला, "पाव्हनं मोठं हायत, जरा नीट दिसावं." ते मला पटले.

नवी सागवानी चौकट दोन ठोकळ्यांवर ठेवलेली होती. खुणा केलेल्या होत्या.

"काय हवालदार, दावता न्हवं?" अण्णा म्हणाले.

भाऊ मला म्हणाला, "घे, तू चालव."

इतके दिवस अण्णांसमोर यंत्र त्यानेच धरले होते. मला बरे वाटले. मी यंत्र दोन्ही हातांनी धरले, पाते खुणेवर टेकवले आणि चाप ओढला.

पुढे जे झाले ते फार थोड्या वेळात झाले. यंत्र फिरू लागले आणि त्याच क्षणी दोन्ही हात आवळले गेले. सोडायचे म्हटले तरी बोटे उघडेनात. दातावर दात बसले. पाते लाकडात वाकडे शिरले, चौकट उभी चिरली. खाचांतून निळी ठिणगी उडाली, मग धूर आला. नंतर यंत्र थांबले आणि मी ओसरीवर पडलेला होतो. भावाने वायर उपटली होती. एक गोष्ट मला तेव्हाही स्पष्ट दिसली होती, पण तिचा अर्थ लागला नव्हता. मी चाप ओढायच्या आधीच त्याचा हात वायरीवर होता.

भावजय पाणी घेऊन धावत आली. चुलत्यांनी माझे हात उघडून पाहिले. उजव्या तळव्यावर भाजल्याची खूण उठली होती. जिवाला धोका नाही हे कळल्यावर सगळ्यांचे लक्ष चौकटीकडे गेले. अण्णांनी चिरेत नख घालून ती कुठवर गेली ते पाहिले.

"सागवान गेलं," ते म्हणाले. "मशीन बी गेलं वाटतं. हवालदार, हे ह्याच्या हातात कशाला दिलंत?"

भावाने माझ्याकडे पाहिले नाही. "दाबतोय लय," तो म्हणाला. "किती डाव सांगितलं, दाबू नको, त्याचं त्याला खाऊ दे. ऐकत न्हाई."

ही वाक्ये माझी होती. ती मी त्याला सांगितली होती, त्याच ओसरीवर. मी तोंड उघडले, पण जीभ अजून जड होती आणि जे बाहेर पडले ते कोणाला कळले नाही.

"शिकलेल्या पोरांचं असंच," चुलते म्हणाले. "चल, आपला छापखाना बरा."

अण्णांनी त्या दिवशी कारखान्याचे काही पक्के केले नाही. पण उठताना ते भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमी येकटं या उद्या वखारीत." भाऊ त्यांना सोडायला बाहेर गेला. मी चुलत्यांबरोबर साताऱ्याला आलो. बस निघेपर्यंत भाऊ स्टँडवर आला नव्हता.

छापखान्यात मी प्रुफे तपासू लागलो. उजव्या हाताची दोन बोटे बरेच दिवस बधिर होती, त्यामुळे पेन्सिल डाव्या हाताने धरायला शिकलो. आपण खरेच दाबले असेल काय, याचा विचार मी त्या दिवसांत पुष्कळ केला. यंत्र लाकडाला लागले तेव्हा माझा हात सैल होता असे मला आठवे. पण माणसाला स्वतःच्या हाताचे काय आठवते, असेही वाटे. सगळ्यांनी एकच सांगितले होते, आणि ते सगळे तिथे होते.

हिवाळा सरता सरता चुलत्यांच्या घरी लग्न निघाले. भावजय चार दिवस आधी आली. भाऊ कारखाना सोडून येऊ शकला नाही. कारखाना सुरू झाला होता आणि तो त्याच्या हाती होता.

एका दुपारी ती माजघरात सांडगे घालत होती. मी सुकायला टाकायचे फडके धरले होते. तिने माझ्या तळव्याकडे पाहिले.

"अजून दुखतं व्हय, भावजी?"

"न्हाई."

"काकांना किती सांगितलं त्यांनी, पण काका कुठं ऐकतात? तलवारीला आंघोळ घालता, मग हेलाच पारोसं ठेवता काय म्हनले. आधी दूध, मग पानी. तांब्याभर नव्हं, कळशीच वतली."

तिला वाटले मला हे ठाऊक आहे.

"गिरमिटाला?" मी विचारले.

"मग आनि कशाला? तुमाला सांगितलं असंल की त्यांनी." ती थांबली. "न्हाई सांगितलं?"

तिने सांडगे घालायचे सोडले नाही, पण हळू बोलू लागली. आंघोळ घातल्यावर भावाने गिरमिट उन्हात ठेवले होते. नवमीला आणि दसऱ्याला मी बाहेर असलो की ते परसातल्या उन्हात असे, पूजेपुरते आणि कोणी घरी आले की पाटावर आणून ठेवत. अण्णा यायच्या सकाळी, मी आंघोळीला गेलो असताना, त्याने ते लावून पाहिले. लावल्याबरोबर हात झटकला. मुंग्या आल्या म्हणाला. मग आत जाऊन बूट घालून आला आणि पुन्हा धरले. बुटांत असताना तितके लागले नाही.

"मी म्हटलं, अण्णांना उद्या या म्हना. तर म्हनले, काकांनी मशीन बुडवलं असं पाव्हन्यापुढं सांगू काय? काका बसल्यात शेजारी."

"आन् मला?"

"मला वाटलं तुमाला सांगतील." तिने फडक्याकडे पाहिले. "आवं, त्यांचा हात वायरीवर होता. तेवढं तरी बघा."

मी ते बघितलेच होते.

लग्न झाल्यावर मी सांगलीला गेलो. काय बोलायचे ते बसमध्ये ठरवले होते, उतरल्यावर त्यातले फारसे उरले नाही. वखारीशेजारी पत्र्याची नवी शेड उभी होती. आत जमिनीत रोवलेले, पट्ट्यावर चालणारे भोके पाडायचे यंत्र होते. अण्णांनी ते मुंबईहून मागवले होते. भाऊ त्याच्यापाशी उभा होता, पायात बूट, खाकी शर्टाच्या बाह्या वर दुमडलेल्या. मला पाहून त्याला आनंद झाला. तो खोटा नव्हता. त्याने यंत्र थांबवले आणि मला बाहेर, फळ्यांच्या थप्पीमागे नेले.

मी विचारले, "पानी गेलं होतं ते तुला म्हाईत होतं?"

त्याने कोणी सांगितले असे विचारले नाही. "सुकलं असंल असं वाटलं."

"सकाळी मुंग्या आल्या तवा बी?"

तो म्हणाला, "माझ्या हातात बंद पडलं आसतं तर अण्णा तिथंच उठलं आसतं. तुला छापखाना होता. मला काय होतं? फौज सुटलेली, जमीन ती तसली. परत जाऊन मटकी पेरायची काय?"

"मला सांगायचं. मी चालवलं नसतं."

"म्हनून तर सांगितलं न्हाई," तो म्हणाला. हे बोलताना त्याचा आवाज चढला नाही. "तू नको म्हनला आसतास. मग मलाच धरावं लागलं आसतं. वायर धरून उभा होतो की मी. तुला काय मरू दिलं आसतं व्हय?"

"आन् दाबतोय म्हनालास ते?"

"काहीतरी म्हनायला पायजेच होतं रं."

त्याने खिशातून विडी काढली, पेटवली नाही. पुन्हा खिशात ठेवली. "आता ये की. हितं काम लय हाय. मी अण्णांना आत्ता सांगतो. दोघांची जागा म्हनलं होतं न्हवं मी?"

मी काही उत्तर द्यायच्या आत तो मला शेडमध्ये घेऊन गेला. अण्णा मापे तपासत होते. भाऊ म्हणाला, "अण्णा, ह्याला घेऊ या. हात बरा झालाय. आता शानपन बी आलंय, दाबायचा न्हाई."

अण्णांनी माझ्याकडे चांगल्या नजरेने पाहिले. "काय रं, दाबनार न्हाईस न्हवं?"

जागा समोर होती. यंत्र उत्तम होते. उभ्या उभ्या मला दिसत होते की पाते लाकडावर बरोबर काटकोनात उतरते आणि गुण्याची गरज नाही. तिथे उभे राहायला मिळावे म्हणून मी दसऱ्याची वाट पाहिली होती. 'न्हाई दाबनार' एवढे म्हटले असते तर झाले असते.

"मी कवाच दाबत नव्हतो," मी म्हणालो.

अण्णांनी भावाकडे पाहिले. भाऊ मोकळेपणी हसला. "बघा! अजून कबूल करत न्हाई."

अण्णाही हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हते. मी त्यांना नमस्कार केला आणि छापखान्यात काम आहे म्हणालो.

भाऊ फाटकापर्यंत आला. तिथे थांबून म्हणाला, "घरात काय बोलू नको."

"कुनाला?"

"काकांना. आंघोळ त्यांनी घातली. आपल्या हातनं झालं असं कळलं तर म्हातारा खंगंल. तुला त्यांच्याच घरात राहायचंय."

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. बोललो मात्र नाही. पहिल्या दिवशी बोललो नाही कारण चुलते लग्नाच्या दगदगीने थकले होते. नंतर बोललो नाही कारण पहिल्या दिवशी बोललो नव्हतो. भावाने तेवढे बरोबर ओळखले होते.

चुलते पुढे पुष्कळ वर्षे जगले. छापखान्यातून मी वर्तमानपत्रात गेलो तरी त्यांच्याच घरी राहत होतो. घरी कोणी आले, यंत्रांचा किंवा नव्या पिढीचा विषय निघाला, की ते माझ्याकडे बोट करून सांगत, "ह्यानं सांगलीत एक विलायती मशीन जाळलं. भावानं कानीकपाळी सांगितलं, दाबू नको. पर शिकलेला मानूस कुनाचं ऐकतो?" मग ते मोठ्याने हसत. माझ्यावर त्यांचा जीव होता, आणि ही गोष्ट ते रागाने कधी सांगत नसत. पाहुणे माझ्या हाताकडे बघत. मी चहाच्या कपबश्या गोळा करून आत नेत असे.